धार, डाख आणि दांडा : स्वस्त राउटर बिटांचा संच घ्यावा का?

लाकडाच्या कडेला गोलाई देणे, फळीत सरळ खाच पाडणे, दोन फळ्या एकमेकींवर नीट बसाव्यात म्हणून काठाचा अर्धा थर उतरवणे ही सगळी कामे पूर्वी सुतार वेगवेगळ्या घाटाच्या पात्यांचे रंधे आणि पटाश्या वापरून करत असे, आणि प्रत्येक घाटाला रंधा वेगळा लागत असल्यामुळे त्याची हत्यारपेटी चांगलीच जड होत असे. राउटर या यंत्राने ती सगळी कामे एका मोटारीकडे सोपवली. हातात धरून चालवण्याचे विजेचे राउटर पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात आर. एल. कार्टर या कारागिराने बाजारात आणले, आणि १९२९मध्ये हत्यारे बनवणाऱ्या स्टॅन्ले कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला. त्यानंतर यंत्र आटोपशीर होत गेले, तरी तत्त्व तेच राहिले: दर मिनिटाला १० हजार ते ३० हजार फेरे घेणारी मोटार, तिच्या टोकाला दांडा घट्ट आवळून धरणारी कॉलेट नावाची चिरा दिलेली नळी, आणि त्या नळीत बसवलेले बिट. यंत्र स्वतः लाकूड कापत नाही. जे काही कापले जाते ते बिटाच्या दोन छोट्या पात्यांनी. म्हणून राउटरच्या कामाचा दर्जा मोटारीपेक्षा बिटावर जास्त अवलंबून असतो, आणि नेमक्या याच ठिकाणी खरेदीदार सर्वांत कमी विचार करतो.

महाराष्ट्रातील सुतारकामात राउटरचा सर्वांत प्रचलित अवतार म्हणजे एका हातात मावणारे ट्रिमर मशीन. प्लायवूडवर चिकटवलेल्या सनमायकाचा बाहेर आलेला काठ साफ करण्यासाठी ते घराघरांत चालणाऱ्या फर्निचरच्या कामावर दिसते, आणि अलीकडे हौसेने लाकूडकाम करणाऱ्यांच्या टेबलावरही ते आले आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत ट्रिमर घेणाऱ्याला दुकानदार सहसा लाकडी पेटीत रांगेने उभ्या केलेल्या १२ किंवा १५ बिटांचा संचही दाखवतो. ऑनलाइन तर असे संच ढिगाने मिळतात. संपूर्ण पेटी साधारण हजार ते दीड हजार रुपयांत येते आणि नावाजलेल्या कंपनीचे एकेक बिट तेवढ्याच किमतीला पडते, त्यामुळे पेटी घ्यावी की एक बिट, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरसकट देता येत नाही, कारण पेटीतली बिटे एका रंगाची आणि एका दांड्याची दिसत असली तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारे काम सारखे नसते. काही बिटे वर्षातून दोन मीटर लाकूड कापतात, तर काही एका आठवड्यात शंभर मीटर. स्वस्त बिट पहिल्या प्रकारच्या कामाला पुरते आणि दुसऱ्या प्रकारच्या कामात महाग पडते. हे असे का होते, हे समजण्यासाठी बिट कशाचे बनते तिथपासून सुरुवात करावी लागते.

बिटाचे अंग पोलादाचे असते, पण धार पोलादाची नसते. धारेच्या जागी टंगस्टन कार्बाइडची एक छोटी चपटी चकती बसवलेली असते. टंगस्टन कार्बाइड म्हणजे टंगस्टन हा धातू आणि कार्बन यांचे अत्यंत कठीण संयुग. त्याची पूड कोबाल्ट या धातूच्या पुडीत मिसळून दाबली आणि भट्टीत तापवली, की कोबाल्ट वितळून कार्बाइडच्या कणांना जखडून ठेवतो. वाळूच्या कणांना सिमेंट धरून ठेवते तसाच हा प्रकार आहे. जर्मनीत ऑसराम या विजेचे दिवे बनवणाऱ्या कंपनीत कार्ल श्रोटर यांनी १९२३मध्ये ही रीत सिद्ध केली, तीही लाकडासाठी नव्हे तर दिव्यातील टंगस्टनची बारीक तार ओढण्याच्या साच्यांसाठी. पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘हिऱ्यासारखा’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांवरून बेतलेल्या ‘विडिया’ या नावाने विकला. ते नाव भारतात इतके रुळले, की लेथवर काम करणारा कामगार आणि भिंतीला भोक पाडणारा इलेक्ट्रिशियन हे दोघेही आज कार्बाइडच्या कोणत्याही टोकाला, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, ‘विडिया’च म्हणतात.

हायस्पीड स्टील या कठीण पोलादाच्या जवळपास दुप्पट कठीण असलेला हा पदार्थ राउटरमध्ये अपरिहार्य ठरला, तो लाकडामुळे कमी आणि लाकडासोबत येणाऱ्या इतर गोष्टींमुळे अधिक. सागाच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, आणि सिलिका म्हणजे वाळूचाच पदार्थ. साग रंधताना पाते लवकर बसते ते त्यामुळे. प्लायवूडमध्ये लाकडाच्या पातळ थरांमध्ये फिनॉल किंवा युरिया यांपासून बनवलेल्या रेझिनचा कडक झालेला थर असतो, आणि सनमायका तर रेझिनमध्ये भिजवलेल्या कागदांचे थर उष्णता व दाब देऊन एकजीव केलेला पत्रा असतो. अशा पदार्थावर पोलादी धार काही मीटरांतच मरते.

पण ‘कार्बाइड’ हा शब्द पेटीवर छापला म्हणून सगळे कार्बाइड सारखे होत नाही. कण जितके बारीक तितकी धार बारीक घासता येते आणि ती तुटते तेव्हाही लहान तुकड्यांनी तुटते. कण जाड असतील तर धारेवरून एकेक मोठा कण उखडून जातो आणि तिथे खड्डा पडतो. चांगल्या बिटांमध्ये कणांचा आकार एक मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा, कमी ठेवलेला असतो. कोबाल्टचे प्रमाण वाढवले तर चकती चिवट होते पण लवकर झिजते; कमी केले तर जास्त काळ धार धरते पण ठिसूळ होते. हा समतोल लाकडासाठी वेगळा आणि धातूसाठी वेगळा राखावा लागतो, आणि स्वस्त संचाच्या पेटीवर याबद्दल एक अक्षरही नसते. खरेदीदाराला ही माहिती डोळ्यांनी मिळवता येते, निदान अर्धी तरी. जवाहिरे वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन पात्याची सपाट बाजू उजेडात तिरकी धरली, तर चांगल्या बिटावर ती आरशासारखी गुळगुळीत दिसते आणि धारेची रेषा सलग असते. घाईने घासलेल्या बिटावर कानशीने ओढल्यासारखे समांतर ओरखडे दिसतात आणि ओरखडा जिथे धारेला येऊन मिळतो तिथे करवतीच्या दातासारखी बारीक खाच दिसते. तेवढ्या प्रत्येक खाचेची रेघ लाकडावर उमटते, आणि ती घालवण्यासाठी मग पॉलिशपेपर घासत बसावे लागते.

धारेपेक्षाही जास्त लक्ष द्यायला हवे ते डाखाकडे, कारण धार बोथट झाली तर काम बिघडते, पण डाख सुटला तर माणसाला इजा होते. कार्बाइडची चकती पोलादाच्या अंगावर चांदीमिश्रित डाखाने जोडलेली असते. हा डाख साधारण ६५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो. त्या तापमानाला दोन्ही पदार्थ नेऊन मग थंड होऊ दिले, की अडचण सुरू होते. पोलाद जेवढे आकसते त्याच्या निम्म्याहूनही कमी कार्बाइड आकसते. चकती १० मिलिमीटर लांब असेल तर थंड होईपर्यंत दोघांच्या लांबीत सुमारे ०.०४ मिलिमीटरचा फरक पडू पाहतो, आणि जोड पक्का असल्यामुळे तो पडू शकत नाही. म्हणजे नव्या कोऱ्या बिटातही चकती आणि अंग यांच्यामध्ये कायमचा ताण साठलेला असतो. डाखाचा थर सर्वत्र सारखा आणि पुरेसा असेल तर तो मऊ असल्यामुळे हा ताण गिळून टाकतो. थर कुठे कमी, कुठे जास्त असेल, किंवा जोडण्याआधी पृष्ठभाग स्वच्छ केलेला नसेल, तर पोकळी राहते आणि ताण एका कोपऱ्यात एकवटतो.

त्या जोडावर फिरताना किती भार येतो, हे आकड्यांत मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. २० मिलिमीटर व्यासाच्या बिटावर १० मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड चकती असेल, तर तिचे वजन अवघे एक ग्रॅम किंवा किंचित जास्त भरते, कारण कार्बाइड पोलादाच्या जवळपास दुप्पट जड असते. मिनिटाला ३० हजार फेऱ्यांच्या वेगाने हीच एक ग्रॅमची चकती बाहेरच्या दिशेने सुमारे ८ किलो वजनाएवढ्या जोराने ओढ घेते, आणि सुटलीच तर ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने निघते. लाकडाचे धक्के यात धरलेलेच नाहीत. दोन पात्यांचे बिट त्या वेगाने लाकडावर सेकंदाला हजार वेळा आदळत असते. म्हणून नवे बिट, मग ते कितीही महाग असो, डाखाची रेघ भिंगाखाली तपासल्याशिवाय यंत्रात घालू नये, आणि चष्मा न लावता ट्रिमर चालवण्याची जी सवय कामाच्या जागी सर्रास दिसते ती ताबडतोब मोडायला हवी. पिवळसर चकाकणारी डाखाची रेघ चकतीच्या तिन्ही कडांनी सलग दिसली तर जोड विश्वासाचा समजावा. रेघ मध्येच तुटली असेल, काळी टिंबे दिसत असतील किंवा चकतीच्या मागे सुईचे टोक जाईल एवढी फट असेल, तर ते बिट परत करावे. परत होत नसेल तर फेकून द्यावे. बारा बिटांच्या पेटीत असे एखादे निघणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि पेटीच्या किमतीचा हिशोब मांडताना ते धरूनच चालावे.

दांड्याची गोष्ट वरवर साधी वाटते, पण भारतीय खरेदीदाराला सर्वांत जास्त फसवते ती हीच. दांड्याचे माप काही देशांत इंचात आणि काहींत मिलिमीटरमध्ये ठरते. भारतात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी विकले जातात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि त्याच्या अगदी जवळचे मेट्रिक माप म्हणजे ६ मिलिमीटर. दोन्ही दांडे हातात घेतले तर फरक डोळ्यांना कळत नाही, आणि दुकानात बोलताना दोघांनाही ‘सहाचा’ म्हटले जाते. ६.३५चा दांडा ६च्या कॉलेटमध्ये जातच नाही, त्यामुळे ती चूक निदान लगेच कळते. उलट चूक मात्र धोक्याची आहे: ६चा दांडा ६.३५च्या कॉलेटमध्ये सहज सरकतो, नट आवळला की काही काळ धरल्यासारखाही वाटतो, आणि भार येताच आतल्या आत फिरू लागतो किंवा हळूहळू खाली उतरतो. खाच ठरवल्यापेक्षा खोल जाऊ लागली आणि बिट काढल्यावर दांड्यावर गोल काळपट ओरखडे दिसले, तर हेच घडले असे समजावे. मधली फट भरून काढण्यासाठी दांड्याभोवती कागद किंवा पातळ पत्रा गुंडाळण्याचा जुगाड काही ठिकाणी केला जातो; तो करणाऱ्याचा हात वाचतो तो केवळ नशिबाने. त्यासाठी अचूक घडवलेली चिरा दिलेली नळी मिळते, तीच वापरावी, किंवा योग्य मापाचे कॉलेट घ्यावे.

माप बरोबर असले तरी ते किती अचूक आहे, हा पुढचा प्रश्न उरतो. अचूक हत्यारांच्या दांड्यात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून जास्त तूट चालत नाही. कामाच्या जागी असणारे व्हर्नियर कॅलिपर बहुधा ०.०२ मिलिमीटरपर्यंतच माप दाखवते, त्यामुळे चांगले आणि उत्तम यांतला फरक त्याने कळणार नाही. पण वाईट दांडा त्याने नक्की पकडता येतो. दांडा टोकाशी, मध्यावर आणि मुळाशी, असा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी फिरवून दोनदा मोजावा. आकडे एकमेकांपासून ढळत असतील तर दांडा गोल नाही, आणि गोल नसलेला दांडा कॉलेटला संपूर्ण घेरात चिकटत नाही. दांडा बारीक असण्याची आणखी एक मर्यादा आहे. दांड्याचा वाकण्याला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे व्यास दुप्पट केला तर विरोध सोळापट होतो. पाव इंची दांड्याच्या तुलनेत ८ मिलिमीटरचा दांडा अडीचपट, तर अर्ध्या इंचाचा सोळापट ताठ असतो. म्हणूनच स्वस्त संचातील लांब पात्याचे सरळ बिट खोल खाचेत घातले की ते कापण्याऐवजी थरथरते, आणि खाचेच्या भिंतीवर लहरी उमटतात. अशा वेळी दोष बहुतेकदा कारागिराच्या हाताला दिला जातो, तो त्याच्यावर अन्याय आहे.

आता कामाच्या हिशोबाकडे वळता येते. चार दारांच्या एका कपाटाचे उदाहरण घेऊ. प्रत्येक दार २.१ मीटर उंच आणि ०.४५ मीटर रुंद आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना सनमायका आहे आणि चारही काठ ट्रिमरने साफ करायचे आहेत. एका बाजूचा घेर ५ मीटरहून थोडा जास्त, दोन्ही बाजूंचा १० मीटर, आणि चार दारांचा ४० मीटरहून अधिक. आतले कप्पे आणि बाहेरच्या बाजू यांची भर वेगळीच. या उलट १.२ मीटर लांब आणि ०.६ मीटर रुंद सागवानी टेबलाच्या वरच्या कडेला गोलाई द्यायची, तर त्या बिटाने एका फेरीत कापलेली लांबी ३.६ मीटर भरते. काठ साफ करणारे बिट एका कपाटात जेवढे चालते तेवढे चालायला गोलाईच्या बिटाला अशी अकरा टेबले लागतील, आणि घरी हौसेने काम करणारा माणूस अकरा टेबले करायला कित्येक वर्षे घेतो. एकाच पेटीतल्या या दोन बिटांना एकच मापदंड लावता येत नाही, तो याच कारणाने.

काठ साफ करणाऱ्या बिटाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे, आणि तो ध्यानात घेतला तर स्वस्त बिटाचेही आयुष्य वाढवता येते. सनमायकाचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतो, तर बिटाची धार २० ते २५ मिलिमीटर लांब. ट्रिमरची खोली एकदा ठरवून कारागीर दिवसभर काम करत राहिला, तर पत्रा दिवसभर धारेच्या त्याच एका मिलिमीटरच्या पट्ट्यावर घासला जातो. काही कपाटांनंतर बिट हातात घेऊन नखाची कड धारेवरून वरून खाली हलकेच ओढली, तर नख एका ठिकाणी अडते. तिथे धारेत सूक्ष्म खाच पडलेली असते आणि तिच्या वरची-खालची धार मात्र नव्यासारखीच असते. सनमायकाचे टवके उडू लागतात, कारागीर बिट ‘बसले’ म्हणून टाकून देतो, पण प्रत्यक्षात वीसांपैकी एकच भाग संपलेला असतो. पट्टा बोथट होताच खोली दीड-दोन मिलिमीटरने बदलली, तर त्याच बिटावर अनेक ताजे पट्टे मिळतात. साध्या पेन्सिलीने ट्रिमरच्या तळाजवळ खुणा करून ठेवणे एवढेच त्यासाठी पुरते.

हेच बिट बेअरिंगवरही अवलंबून असते. बिटाच्या टोकाला बसवलेली ही छोटी चाकी तयार काठावरून फिरते आणि धारेला तिच्याबरोबर ठेवते. म्हणून चाकीचा व्यास आणि दोन धारांमधला व्यास तंतोतंत एक असायला हवा. चाकी मोठी असेल तर सनमायकाची कड बारीक ओठासारखी बाहेर उरते, धार मोठी असेल तर ती प्लायवूडवर किंवा शेजारच्या पत्र्यावर चरा पाडते. स्वस्त संचातील बिटांत याच जागी सर्वांत जास्त चुका सापडतात, आणि त्या तपासायला यंत्र सुरू करण्याचीही गरज नाही: एक सपाट पोलादी पट्टी चाकी आणि धार यांच्यावर एकाच वेळी टेकवून, बिट बोटांनी हळूच मागेपुढे फिरवून उजेडाकडे पाहिले, की फट असेल तिथून प्रकाश दिसतो. चाकीचे दुसरे दुखणे म्हणजे तिच्या आत शिरणारा चिकटपणा. सनमायका चिकटवताना वापरलेले रबरी सोल्युशन काठावर ओले राहिले असेल तर ते चाकीत जाते, चाकी अडकते, बिटाबरोबर ३० हजार फेऱ्यांनी तीही फिरू लागते आणि तयार पत्र्यावर तपकिरी जळका पट्टा उमटतो. चाकी सुटी मिळते आणि एका छोट्या स्क्रूने ती बदलता येते; मात्र तिचे आतले व बाहेरचे माप माहीत हवे, आणि ते माप नावाजलेल्या कंपन्या छापतात, स्वस्त संचावर ते नसते. म्हणून संच घेतल्या दिवशीच चाक्यांची मापे मोजून पेटीच्या झाकणावर लिहून ठेवावीत.

वेगाबद्दल थोडक्यात एवढेच सांगता येईल, की पेटीतली सर्वांत रुंद दोन-तीन बिटे ट्रिमरसाठी नसतातच. अनेक ट्रिमरना वेग कमी करण्याची सोय नसते आणि ते ३० हजार फेऱ्यांच्या आसपास चालतात, तर २५ मिलिमीटरपेक्षा रुंद बिटांसाठी साधारणपणे १८ हजार फेऱ्यांचा वेग सुरक्षित मानला जातो. ३२ मिलिमीटरच्या बिटाची धार ट्रिमरमध्ये ताशी १८० किलोमीटरने धावते. चांगल्या बिटांच्या दांड्यावर कमाल वेगाचा आकडा कोरलेला असतो. युरोपात तसा नियमच आहे. ज्या बिटावर आकडा नाही आणि जे रुंद आहे, ते वेग बदलता येणाऱ्या मोठ्या राउटरसाठी राखून ठेवावे. बिटाच्या अंगावरचा लाल, निळा किंवा नारंगी रंग, तसेच सुबक लाकडी पेटी यांचा दर्जाशी काही संबंध नाही. काही कंपन्या रेझिन चिकटू नये म्हणून खास लेप देतात, पण बाजारात त्याच छटांचा साधा रंगही मिळतो.

इतके सगळे पाहिल्यावर संचाची बाजूही न्यायाने मांडायला हवी, कारण ती खरोखर आहे. राउटर नुकतेच घेतलेल्या माणसाला आपल्याला कोणता घाट लागेल हे ठाऊक नसते. अंतर्गोल कड, इंग्रजी एस अक्षरासारखी वळणदार कड, ४५ अंशांत उतरवलेली कड, पाचरीच्या आकाराची डोव्हटेलची खाच, इंग्रजी व्ही अक्षरासारखी रेघ हे सगळे प्रकार टाकाऊ फळीवर एकदा करून पाहिल्याशिवाय त्यांची ओळख होत नाही, आणि त्या ओळखीसाठी प्रत्येकी हजार रुपये मोजणे शहाणपणाचे नाही. शिकताना चुकाही होतात: बिट चुकीच्या दिशेने ढकलले जाते, एकाच फेरीत जास्त खोल कापले जाते, लाकडातला विसरलेला खिळा लागतो. स्वस्त बिटावर झालेली चूक मनाला लागत नाही, त्यामुळे हात मोकळा होतो, आणि मोकळ्या हाताशिवाय कसब येत नाही. वर सांगितलेल्या तपासण्यांत उतरलेला संच या कामासाठी पूर्ण किंमत वसूल करून देतो. यंत्राने घासण्याचे तंत्र गेल्या काही वर्षांत स्वस्त झाल्यामुळे आजचे चांगले स्वस्त संच हे दोन दशकांपूर्वीच्या संचांहून कितीतरी बरे आहेत, हेही मान्य करावे लागते.

मात्र सरळ खाचेचे बिट आणि काठ साफ करणारे बेअरिंगचे बिट ही दोन पहिल्या दिवसापासून वेगळी आणि चांगली घ्यावीत, असे ठामपणे सांगता येते. इटलीतील फ्रॉइड आणि सीएमटी किंवा अमेरिकेतील व्हाइटसाइड यांसारख्या नावांची बिटे महाग पडतात, पण त्यांची चकती जाड असते, आणि जाड चकती पुन:पुन्हा धार लावून वापरता येते. स्वस्त बिटाची पातळ चकती दोनदा धार लावली की संपते. ज्याचा चरितार्थच सनमायकाच्या कामावर चालतो त्याच्यासाठी तर संपूर्ण संच घेण्याचे काहीच कारण उरत नाही. त्याला लागणारी तीन-चार बिटे त्याला आधीच ठाऊक असतात, आणि पेटीतली बाकीची वर्षानुवर्षे तशीच उभी राहतात.

धार लावण्याआधी बिट खरोखर बोथट झाले आहे का, हे पाहावे. राळ, चीक आणि रेझिन यांचा तपकिरी थर धारेच्या मागे साचला की बिट घासू लागते, धूर येतो आणि फिकट लाकडावर काळे डाग पडतात. चाकी काढून ठेवून बिट थोडा वेळ रॉकेलमध्ये भिजवले आणि पितळी ब्रशने साफ केले, तर अर्ध्याअधिक ‘मेलेल्या’ धारा पुन्हा जिवंत होतात. त्यानंतरही काम जमत नसेल तर हिऱ्याची पूड बसवलेल्या पट्टीवर चकतीची फक्त सपाट बाजू घासावी, तिरकी बाजू कधीही घासू नये, आणि दोन्ही पात्यांना मोजून सारखेच हात द्यावेत, नाहीतर एक पाते मागे राहते आणि सगळे कापणे दुसऱ्यावरच पडते. सपाट बाजू घासल्याने कापणारा व्यासही किंचित घटतो, त्यामुळे बेअरिंगच्या बिटाला धार लावल्यावर पोलादी पट्टीची परीक्षा पुन्हा करावी लागते.

शेवटी संपलेल्या बिटाचे काय करायचे, याचाही विचार व्हायला हवा, कारण कार्बाइड ही मातीमोल वस्तू नाही. जगातील टंगस्टनच्या उत्पादनाचा तीन चतुर्थांशाहून मोठा वाटा एकट्या चीनमधून येतो, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये चीनने टंगस्टनच्या काही प्रकारांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. भारतात राजस्थानातील डेगाण्याची जुनी खाण कधीच बंद पडली. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना पट्ट्यात टंगस्टनची खनिजे असल्याचे भूवैज्ञानिकांनी नोंदवले आहे, पण देशाची गरज आजही आयातीवरच भागते. त्यामुळे भंगाराच्या बाजारात कार्बाइड लोखंडापासून वेगळे काढून कितीतरी चढ्या दराने घेतले जाते आणि पुन्हा पूड करून नव्या हत्यारांत वापरले जाते. सुतारकामाच्या जागी मात्र तुटकी बिटे भुशाबरोबर झाडली जातात. एका बिटावर कार्बाइड दोन-तीन ग्रॅमच असते, हे खरे. पण लेथच्या कारखान्यांत विडियाची तुटकी टोके एका डब्यात साठवून विकण्याची जी रीत आहे, ती सुतारांच्या संघांनी आणि मोठ्या फर्निचर कारखान्यांनी उचलली, तर वर्षाला काही किलो कार्बाइड एकेका डब्यातून परत वाटेला लागेल.